बिनभाताचं लग्न

माझ्या लग्नात भात नव्हता. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "मग जेवायला काय होतं?" या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ते जेवण ठरेपर्यंत आमच्या घरात जे काही झालं, त्याने माझं डोकं इतकं उठलं होतं, की आजही कुणाच्या लग्नात काय वाढायचं याची चर्चा सुरू झाली की मी उठून आतल्या खोलीत जाते.

साठच्या दशकातली मधली वर्षं होती ती. धान्याची टंचाई, रेशनच्या दुकानापुढे रांगा, आणि त्यात सरकारचा नियम, की लग्नकार्यात तांदूळ, गहू, ज्वारी असल्या धान्याचं जेवण मोजक्याच माणसांना घालायचं. बाकीच्यांना चहा द्या, फराळाचं काही द्या, पण पानात भात पडला तर गुन्हा. पुष्कळ लोक हा नियम गुपचूप मोडत. आमच्याकडे ते शक्य नव्हतं, कारण माझे वडील पालघरच्या कोर्टात कारकून होते. घरात साधी पेन्सिल हवी असली तरी ते कोर्टातली आणत नसत, तिथे बेकायदा भात कुठून शिजणार?

मी तेव्हा बोईसरच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. आमचं घर पालघरहून समुद्राकडे जाताना लागणाऱ्या, केळी-नारळाच्या वाड्या असलेल्या गावात. सकाळी पालघरला येऊन गाडी धरायची, संध्याकाळी परत. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि बोईसरच्या आसपास कुठकुठली माणसं येऊन राहिली होती. त्यांतलेच एक आमचे हे. साताऱ्याकडचे, बांधकामावर वायरमन, बोईसरजवळच्या पाम गावात एका बैठ्या चाळीत खोली घेऊन राहणारे. शेजारच्या कामगाराच्या मुलीचं नाव घालायला शाळेत आले. मग त्या मुलीचा अभ्यास कसा चाललाय हे विचारायला ते इतक्या वेळा आले, की शेवटी मीच म्हटलं, "मुलगी हुशार आहे. तिची काळजी नको. तुमचं काय ते बोला."

तर लग्न आम्हीच ठरवलं होतं, आणि दोन्ही घरांनी तोंडं पाडून होकार दिला होता. आमच्या लोकांना घाटावरची माणसं नको होती, त्यांच्या लोकांना कोकणातली मासे खाणारी मुलगी नको होती. पण होकार दिल्यावर हे कुणाला उघड बोलता येईना. मग सगळेजण जेवणावर बोलायला लागले. मनात जेवढं साचलं होतं तेवढं सगळं त्या भातावर निघालं.

सुरुवात आत्याने केली. ती आमच्याच गावात दिलेली, रोज दुपारी आमच्या ओटीवर हजर. "भात नाय तर लग्न नाय," असं म्हणून ती बसली. "आमी काय भिकारी हाय? पोरीच्या लग्नात पानावर भात नाय म्हंजे माणसं तोंडावर थुंकतील."

"नियम आहे," बाबा म्हणाले.

"नियम शेरात. इथं कोण बघतो? माझ्या घरी शिजवू, टोपलीत घालून, वर केळीची पानं टाकून मागच्या दारानं आणू. वाढला, खाल्ला, झालं."

बाबा उठून आत गेले. त्यांची भांडायची पद्धतच ती. आत जाऊन ते धोतराची घडी घालत बसत, आणि बाहेर आत्या मला धरत असे. "तू तरी सांग त्याला. तुझंच लगीन हाय ना?" लग्न माझं आहे ही गोष्ट लोकांना फक्त अशा वेळी आठवायची.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे एक निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, चहा आणि चिवडा द्या, मुंबईत आता असंच करतात. कुणी म्हणालं, बटाट्याचा कीस. बाबांच्या ऑफिसातला एक गृहस्थ म्हणाला, आइस्क्रीम! पालघरात एकजण यंत्र भाड्याने देतो आणि बर्फ सातपाटीहून आणता येईल. सातपाटीचा बर्फ मासळीवर घालतात हे त्याच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणाला, "बर्फ बाहेरून लागतो हो, आतून नाही." बाबा दोन दिवस खरोखर त्याचा विचार करत होते. आईने एकदा हळूच साबूदाणा आणि वऱ्याच्या तांदळाचं नाव काढलं, म्हणाली, उपासाचं सगळं नियमात बसतं. आत्याने कपाळावर हात मारला. "लगीन हाय का एकादस?" आईची सूचना सगळ्यांत शहाणी होती असं मला आजही वाटतं, पण ती हळू आवाजात केलेली होती.

ज्यांच्याकडून काही आधार मिळेल असं वाटलं होतं ते हेच. एका रविवारी सायकल हाणत आमच्याकडे आले. घामाने निथळत होते. विहिरीशी आम्हाला थोडं बोलायला मिळालं. मी म्हटलं, "तुमच्या घरच्यांचं काय म्हणणं आहे जेवणाबद्दल?"

"ते होईल काहीतरी. मला एक सुचलंय," ते म्हणाले. डोळे चमकत होते. "उभ्यानं जेवायचं."

"म्हणजे?"

"आमच्या साईटवर परदेशी इंजिनीअर आहेत. त्यांची पार्टी होती, आम्ही दिवे लावायला गेलो होतो. एका टेबलावर सगळं मांडलेलं. ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यायचं आणि हिंडत खायचं. वाढपी नको, पंगत नको, पाट नको. त्याला बुफे म्हणतात."

"आणि त्या टेबलावर मांडायचं काय?"

यावर त्यांनी विचारच केला नव्हता. या माणसाशी मी लग्न करते आहे आणि याच्या नादाने मी घरच्यांशी एवढी भांडले, असं वाटून मला रडू यायच्या बेतात होतं. मी कळशी उचलली आणि घरात गेले.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी शाळेतून आले. गाडी रखडली होती, पायाला चप्पल लागली होती. ओटीवर बैठक भरलेली. बाबा, काका, आत्या, पोस्टमास्तर. मी उंबऱ्यात पाऊल ठेवलं तोच आत्या म्हणाली, "आली बघ. विच्यारा तिला, घाटी लोकांना आपला चिवडा चालंल का?"

मी हातातली पिशवी जमिनीवर टाकली. "उकडहंडी लावा!" मी ओरडले. "वाडीत कंद आहेत, रताळी आहेत, वालपापडी वेलावर वाळतेय. मडक्यात घाला, जाळ करा आणि द्या सगळ्यांना मातीत बसवून. ना भात, ना गहू, ना दमडीचा खर्च. आणि मला यापुढे कुणी काही विचारू नका."

उकडहंडी आमच्याकडे थंडीत होते. कोनफळ, करांदे असले कंद, रताळी, वालाच्या शेंगा, बटाटे, छोटी वांगी, त्यांना ओल्या लसणीचा, कोथिंबिरीचा आणि खोबऱ्याचा हिरवा मसाला लावायचा, मडक्यात ठासून भरायचं, तोंडाला केळीच्या पानांचा बोळा लावायचा आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. पाणी घालायचं नाही. वाडीत मित्रमंडळी जमली की करायची ती मजा. लग्नात ती कुणी कधी केलेली नव्हती. मी रागाने, त्यांना टोचावं म्हणून बोलले होते.

मग बाबा शांतपणे म्हणाले, "नियमात बसतं."

"मी लावतो," काका लगेच म्हणाले. "माझा हात आहे त्यात. दहा मडकी म्हणा, वीस म्हणा."

आणि ठरलं! इतके दिवस जे ठरत नव्हतं ते माझ्या तोंडून निघालेल्या एका त्राग्यावर ठरलं. आत्या तिथून ताडकन उठली. "कंदमुळं खाऊ घाला वऱ्हाडाला, वनवासातून आलंय ना ते," असं म्हणून जी गेली ती लग्नाच्या दिवसापर्यंत आमच्या घरी आली नाही. आणि त्या दिवसापासून, काहीही अडलं की सगळे माझ्याकडे बघून म्हणत, "तुझीच कल्पना." गोड काय करायचं? तुझीच कल्पना, तूच सांग. साखर मिळेना, म्हणून मी म्हटलं, केळ्याचे काप गूळ-खोबऱ्यात कालवा. मडकी पुरेशी नाहीत? तुझीच कल्पना. नवरीने हळदीआधी कुंभाराकडे हेलपाटे घातल्याचं मी तरी दुसरं कुठे ऐकलं नाही.

आता हे वरपक्षाला सांगायला हवं होतं. ह्यांच्या आई साताऱ्याहून खोली लावून द्यायला पामला आल्या होत्या. बाबा म्हणाले, मी एकटा जातो, पण मग म्हणाले, तू पण चल, ती उकडहंडी त्यांना तूच नीट सांग. मुलीने लग्नाआधी सासरी जाऊन जेवणाचा बेत समजावायचा हे कुठल्या रीतीत बसत होतं कोण जाणे. पण बाबांचा धीर होत नव्हता.

खोली लहान होती. हे आणि बाबा बाहेर बाजेवर बसले, मी आत. सासूबाई चुलीसमोर भाकरी थापत होत्या. काटक, उंच, कपाळावर मोठं कुंकू. परातीतलं पीठ बोटाने गोळा करत त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी कोनफळ म्हणजे काय, करांदे म्हणजे काय, सगळं सांगितलं. शाळेत पाठ समजावते तसं.

"म्हंजी रताळी," त्या म्हणाल्या.

"रताळी पण आहेत."

"आमच्यात रताळं उपासाला खात्यात."

"हो. पण ही मसाल्याची असतात."

"मसाला घाला न्हाईतर सोनं घाला. आमची मान्सं रात्रभर परवास करून येनार. भुकेली असनार. रताळ्यानं त्यांचं काय होतंय?" भाकरी तव्यावर टाकून त्यांनी तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. मी आतल्या आत धुमसत होते. वाटलं, सांगावं सरळ, की मग तुम्हीच काय ते करा. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुमचा त्यो नेम काय हाय? तुमी वाडायचं न्हाई, आसंच ना?"

"हो."

"आमी आमचं आनलं तर?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"आमची मान्सं लांबनं येत्यात. वाटंला भाकरी बांदूनच निगत्यात. चार जास्तीच्या बांदाया सांगते. ती काय तुमी वाडलेली न्हवं. आमची शिदुरी आमी सोडली, त्येला कोन कशाला इचारतंय?"

मी दाराकडे पाहिलं. बाहेर बाबा ह्यांना रेशनिंगच्या कायद्याबद्दल काहीतरी समजावून सांगत होते. सासूबाईंनीही तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्येंना आत्ता बोलू नगं. मानी मानूस दिसतोय. पावन्यांनी दारात भाकरी सोडली म्हनून जिवाला लावून घील."

त्यांचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला जास्त वैताग आला. एकीकडे बाबांचा कायदा, दुसरीकडे बाबांचा मान, आणि मधे हे गुपित माझ्या पदरात. परतताना गाडीत बाबा म्हणाले, "विहीणबाई समंजस आहेत. काहीच बोलल्या नाहीत."

लग्न माघातलं. सकाळी वऱ्हाड पालघर स्टेशनवर उतरलं आणि बैलगाड्यांतून गावात आलं. मी आतल्या खोलीत नटून बसले होते. खिडकीतून मागची वाडी दिसत होती, आणि तिथे काकांची मडकी. उपडी मडकी ओळीने मांडलेली, भोवती पेंढा, पातेरा, गोवऱ्या. काकांनी तोपर्यंत एका वेळी जास्तीत जास्त दोन मडकी लावलेली होती, मित्रांसाठी. वाऱ्याचा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. खाडीकडून वारा सुटला आणि जाळ एका बाजूला झोपला. अलीकडची मडकी काळीठिक्कर, पलीकडच्यांना धगही नाही.

"काका, फिरवा ती!" मी खिडकीतून ओरडले.

"तू नवरी आहेस, गप्प बस," काका ओरडले. धुराने त्यांचे डोळे लाल झाले होते.

"पेंढा पलीकडून घाला!"

माझ्या बाशिंगाची दोरी बांधणारी मावशी म्हणाली, "अगं, डोकं हलवू नकोस." धूर थेट माझ्या खोलीत येत होता. शालूला त्या धुराचा वास लागला, तो पुढे कित्येक वर्षं गेला नाही. अंतरपाटाच्या अलीकडे मी उभी राहिले तेव्हा भटजी मंगलाष्टकं म्हणत होते आणि माझे कान वाडीकडे होते. मधेच एक मडकं फुटल्याचा आवाज आला. मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं मी ऐकलंच नाही. माळ कधी घालायची हे मला ह्यांनी खुणेने सांगितलं.

मग पंगत बसली. केळीची पानं, त्यावर वाफाळते कंद, पापडीच्या शेंगा, बाजूला हिरवी चटणी, गूळ-खोबऱ्यातली केळी. दिसायला सुरेख दिसत होतं, हे कबूल करते. आमच्याकडच्या लोकांनी लगेच सुरुवात केली. घाटावरची मंडळी पानाकडे बघत बसली. एकाने पापडीची शेंग सालीसकट चावली आणि दोरा दातात अडकून बसला. दुसऱ्याने कोनफळाचा जांभळा तुकडा उचलून शेजाऱ्याला दाखवला, "ह्ये काय हाय? बीट?"

आणि मग तो प्रकार झाला. मडकी कमी भरतात म्हणून काकांनी कुणालाही न विचारता काहींत सुरण घातला होता. वाऱ्यामुळे तो नीट शिजलाच नव्हता. वऱ्हाडातले एक गृहस्थ, ह्यांचे चुलते, खाता खाता थांबले. घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मग त्यांच्या शेजारचा खोकायला लागला. कच्चट सुरण घशाला कसा खाजतो हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. पंगतीच्या त्या टोकाला सगळे खाकरत, जीभ बाहेर काढत, पाणी मागत. एकजण म्हणाला, "इख घातलं काय रं?"

बाबा पांढरेफटक पडले. ते नुसते इकडून तिकडे फिरत होते, हात जोडत होते. काका नाहीसे झाले होते. मी बोहल्यावरून उठले. ह्यांनी माझा शेला धरला, कारण गाठ मारलेली होती, पण मी तशीच निघाले आणि हेही माझ्यामागून ओढत आले. "चिंच!" मी आईला ओरडून सांगितलं. "चिंचेचं पाणी कर!"

आई स्वयंपाकघरात धावली. पण चिंचेचा कोळ घेऊन पंगतीत आधी जी आली ती आत्या. ती सकाळपासून शेजारच्या ओटीवर बसून आमचं लग्न बघत होती. मांडवात पाऊल टाकायचं नाही असं ठरवून आलेली. माणसं खोकायला लागल्यावर तिला राहवलं नाही. आपल्या घरून तांब्याभर चिंचेचं पाणी घेऊन ती भरपंगतीत शिरली आणि एकेकाच्या ओंजळीत ओतत सुटली. "गिळा. हळू. काय होत नाय. कंद हाय, विष नाय. आमच्या भावाला अक्कल नाय, तुमी काय मनावर घेऊ नका." एकीकडे आमची अब्रू वाचवत होती, दुसरीकडे घालवत होती.

खोकला थांबला. पण आता पंगतीत कुणी कशाला हात लावेना. मुलं रडायला लागली. तेव्हा सासूबाई पंगतीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. पदर खोचला आणि आपल्या बायकांकडे बघून म्हणाल्या, "सोडा गं."

गाठोडी सुटली. ज्वारीच्या भाकऱ्या, मोठ्या, पातळ, कडक. मिरचीचा ठेचा. शेंगदाण्याची चटणी. कुणाकडे कांदे. बायका पानापानावर भाकरी टाकत निघाल्या, आणि आपली पानं संपल्यावर आमच्याही लोकांच्या पानांवर टाकायला लागल्या.

बाबांनी ते पाहिलं. ते जवळजवळ धावतच आले. "भाकरी? भाकरी कुणी वाढली?" कोर्टातले त्यांचे साहेब समोरच्या पंगतीत बसले होते, त्यांच्याकडे बाबांची नजर गेली. साहेब एक रताळं सोलत होते आणि मान खाली घालून सोलतच राहिले.

"कुनी वाडली न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "आमची शिदुरी हाय. आमी आनली."

कायद्याचं उत्तर मिळालं, पण बाबांचा चेहरा काही सुधारला नाही. उलट जास्तच पडला. त्यांच्या मुलीच्या लग्नात, त्यांच्या मांडवात, पाहुणे घरून आणलेलं खात होते. ते मांडवाच्या खांबाला हात लावून उभे राहिले. मला वाटलं, आता बाबा आत जाणार आणि धोतराची घडी घालत बसणार, आणि माझं लग्न असंच संपणार. मला त्यांची कीव येत होती आणि त्यांचा रागही येत होता. एक माणूस एवढा मान सांभाळत जगतो कसा?

ज्यांचा घसा सगळ्यांत जास्त खाजला होता ते ह्यांचे चुलते आपल्या पाटावर थोडे सरकले. त्यांनी शेजारी जागा केली आणि तिथे हात आपटला. "पाव्हणं, या की. किती वेळ उबं ऱ्हानार?"

बाबांनी नुसते हात जोडले.

"आवो, तुमचं रताळं लई ग्वाड हाय. आमच्या भाकरीसंगं खाऊन तर बगा. एकटं रताळं खायचं न्हवं ते." त्यांनी भाकरी मोडली, तिच्यात कोनफळाचा तुकडा घातला, वर आमची हिरवी चटणी आणि त्यांचा ठेचा, आणि तो घास हातात धरून तसेच थांबले. हात पुढे केलेला. आता तो हात मागे घ्यायला लावणं हा केवढा अपमान झाला असता हे बाबांना कळत होतं. मान सांभाळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा मानही कळतो. ते खाली बसले. घास घेतला. ठेचा तिखट होता, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ठेच्याचंच असणार.

बाबा बसले म्हटल्यावर सगळी पंगत पुन्हा हलली. आमच्या बायका सुरणाचे तुकडे वेचून बाहेर टाकत होत्या. कुणीतरी वऱ्हाडाला पापडीचा दोरा कसा काढायचा ते दाखवत होतं. भाकरी आमच्या लोकांना आवडली, आणि चांगली शिजलेली मडकी बघता बघता रिकामी झाली. आत्या साताऱ्याच्या एका बाईशी ठेच्यात लसूण किती घालायची यावर वाद घालत होती. ह्यांनी माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "छान झालं, नाही?"

छान! मी त्यांच्याकडे पाहिलं. पहाटेपासून माझ्या पोटात काही नव्हतं. दोन्हीकडची माणसं जेवली, वाढणारी जेवली, बैलगाडीवाले जेवले. कुणीतरी नवरा-नवरीचं पान मांडायचं असतं, पण आमच्याकडच्यांना वाटलं त्यांनी मांडलं, त्यांना वाटलं आमच्यांनी. आम्हाला निघायची वेळ झाली तेव्हा मडक्यांत नुसता पाला होता. आईने रडत रडत माझ्या ओटीत नारळ घातला, आणि मला त्या नारळाकडे बघून एकच विचार आला, की तो फोडायला काही मिळेल का.

पामला पोहोचेपर्यंत दिवस मावळायला आला होता. चाळीपुढे ह्यांच्या कामावरची माणसं वाट बघत उभी. त्यांना रजा मिळाली नव्हती, लग्नाला येता आलं नव्हतं. कुणी बिहारचा, कुणी नगरचा, कुणी आंध्रातला. आता या सगळ्यांना काय घालायचं? पुन्हा तेच सगळं?

"भाभीजी, आप बैठिए," त्यांतला एकजण म्हणाला, आणि त्याने चाळीपुढे सतरंजी पसरली. प्रत्येकजण आपापल्या खोलीत गेला आणि झाकलेली ताटली, डबा, पातेली घेऊन आला. कुणाकडे आमटी, कुणाकडे बटाट्याची भाजी, कुणाच्या रेशनच्या वाट्यातला मूठभर भात, कुणाच्या जाड पोळ्या. सगळं मधे ठेवलं. कुणाचं काय याची कुणी चौकशी केली नाही. कुणी सल्ला दिला नाही. हे तर लगेच बसून जेवायला लागले.

मी पदर सावरून उभीच होते. नवी सून, परके पुरुष, मी कशी बसणार? सासूबाई माझ्यामागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं. "बस," त्या म्हणाल्या. "रीत उद्या."

मी बसले. समोर जे आलं ते खाल्लं. आमटीत मीठ जरा जास्त होतं, आणि कुणीतरी मला दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा मी नको म्हणाले नाही.